निरोप्या: अकरा वर्षांच्या एका मुलाची पोटदुखी

सहावीतल्या एका मुलाबद्दल त्याच्या वर्गशिक्षिका माझ्याकडे दोन तक्रारी घेऊन आल्या. पहिली अशी की आठवड्यातून एकदा तरी त्याचं पोट दुखतं. मग तो बाकावर पालथा पडून राहतो, नाहीतर शाळेतच येत नाही. दुसरी तक्रार खोटं बोलण्याची. "पोटाचं मी एक वेळ समजू शकते," बाई म्हणाल्या, "पण हा तोंडावर खोटं बोलतो, आणि पकडला गेला तरी याच्या डोळ्यांत पाणी येत नाही."

लालबाग-काळाचौकी भागातल्या एका मराठी शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते. मुलाला इथे सोहम म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत. लिहिलेलं सगळं त्याच्या आई-वडिलांना आणि त्यालाही वाचून दाखवलं आहे.

या घरात दारू नव्हती, मारहाण नव्हती, आरडाओरडासुद्धा नव्हता. शेजाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी "शांत माणसं आहेत" असंच सांगितलं असतं. अशा शांत घरांतली मुलं आमच्या नजरेतून फार सहज सुटतात, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी पोट

पोट दुखतंय म्हणणारं मूल समोर आलं की पहिलं काम डॉक्टरांचं. झोपेतून उठवणारी कळ, घटणारं वजन, खुंटलेली वाढ, शौचातून रक्त, सारख्या उलट्या, रेंगाळणारा ताप यांपैकी काहीही असेल तर मानसिक कारणांची चर्चा बाजूला ठेवायची. सोहमच्या आईनं हे सगळं आधीच पार पाडलं होतं. जंताचं औषध दोनदा देऊन झालं होतं. महापालिकेच्या रुग्णालयात रांगा लावून रक्त, लघवी, शौच तपासून आणलं होतं, सोनोग्राफीही झाली होती. आजीनं बेंबी सरकली असेल म्हणून तेल लावून पाहिलं, हिंगाचा लेप दिला, मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. रिपोर्टांत काहीच निघालं नाही.

रिपोर्ट चांगला आला की घरात एक वाक्य हमखास येतं: "म्हणजे नाटक करतोय." ते वाक्य मुलाला दुखण्याहून जास्त लागतं. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली आणि त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी १९५८ साली शाळेत जाणाऱ्या १,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीन महिन्यांत निदान तीनदा, खेळ-अभ्यास सोडावा लागेल इतकं पोट दुखणारी मुलं त्यांत दहातलं एक निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात शोधूनही रोग सापडला नाही. आतड्यांना स्वतःचं मोठं मज्जाजाळं असतं आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. मूल दिवसचे दिवस सावध राहिलं की हे जाळं हळवं होतं, आणि एरवी जाणवतही नाही अशी आतड्याची हालचाल त्याला कळ म्हणून जाणवू लागते. कळ खरीच असते. मी सोहमला पहिल्याच भेटीत हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नाही ना?" खोटं बोलण्याचा विषय त्यानंच काढला होता. मला ते तेव्हा कळलं नाही.

गुरुवार

हजेरीपट मागवून घेतला. जुलै ते नोव्हेंबर या काळात तो १३ दिवस गैरहजर होता आणि त्यांतले १० गुरुवार होते. बाईंनी हे हेरलेलं होतं आणि त्यांचं उत्तरही तयार होतं: गुरुवारी गणिताची चाचणी असते. पाचवीपर्यंत बरा असलेला मुलगा गणितात घसरलाच होता, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. दोन आठवडे मी गणिताच्या भीतीवर काम करत बसले, बाईंनी त्याला चाचणीत दहा मिनिटं वाढवून दिली. डिसेंबरात क्रीडास्पर्धांमुळे चाचणी मंगळवारी घेतली गेली. सोहम मंगळवारी आला, चाचणी दिली, वीसपैकी नऊ मिळवले, आणि गुरुवारी पुन्हा गैरहजर राहिला.

मग सुरुवातीलाच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. बुधवारी घरी काय असतं?

"बाबांची सुट्टी असते."

घर म्हणजे चाळीतली दहा बाय पंधराची खोली, एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. माणसं चार: आई, बाबा, बाबांची आई आणि सोहम. बाबा लोअर परळच्या एका टॉवरवर सिक्युरिटीच्या रात्रपाळीला. संध्याकाळी साडेसहाला निघायचं, सकाळी साडेआठला परत. आई दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात सकाळी सहा ते दोन. दोघं जागेपणी एका खोलीत असतात ते दुपारी तीन-साडेतीन तास. फक्त बुधवारी संध्याकाळी, रात्री, सगळा वेळ.

खोटं बोलण्याची उदाहरणं मी बाईंकडून तपशीलवार मागितली. पालकसभेला "आई-बाबा दोघं येणार आहेत" म्हणाला, कुणीच आलं नाही. दुसरं उदाहरण वर्गातल्या दोन मित्रांच्या भांडणाचं होतं. सोहम एकाकडे जाऊन म्हणाला, "तो सॉरी म्हणतोय." दुसऱ्याकडे जाऊन तेच. दोघांची गट्टी झाली, आणि चार दिवसांनी दोघांना कळलं की सॉरी कुणीच म्हटलं नव्हतं. मग दोघांनी मिळून याला बडवलं. बाई रागानं सांगत होत्या आणि मी ऐकता ऐकता थांबले. हा मुलगा स्वतःला वाचवायला खोटं बोलत नव्हता. लोक एकमेकांशी बोलावेत म्हणून बोलत होता.

पुढच्या भेटीत मी त्याला खोलीचा नकाशा काढायला सांगितला, कोण कुठे बसतं, कुठे झोपतं ते दाखवून. त्यानं ओट्यापाशी आईला काढलं, खिडकीपाशी बाबांना, पलंगावर आजीला. स्वतःला कुठेच काढलं नाही. ओट्यापासून खिडकीपर्यंत मात्र पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवून एक जाड रेघ केली. "हे काय आहे?" "हा माझा रस्ता."

आई आणि बाबा सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही सांगायचं ते सोहममार्फत. "त्यांना सांग, लाइटबिल आलंय." "तिला सांग, पगार झाला नाही." एकाच खोलीत, सहा फुटांवर. दिवसाला किती निरोप होतात, मी विचारलं. त्यानं खरोखर मोजले होते. एरवी सहा-सात. बुधवारी वीसच्या वर.

आणि तो निरोप जसाच्या तसा देत नव्हता.

"आई म्हणते, 'सांग त्यांना, डबा भरलाय, न्यायचा तर न्या.' मग मी सांगतो, 'बाबा, आईनं डबा भरलाय, विसरू नका म्हणाली.'"

"आणि बाबा काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. मग मी आईला सांगतो, 'बाबा हो म्हणाले.'"

सात महिने हा मुलगा दोन माणसांच्या तोंडची वाक्यं मऊ करून पोचवत होता. कुणाला काय सांगितलं, कालच्या सांगण्याशी आजचं जुळतंय का, दोघं कधी अचानक समोरासमोर बोलले तर ताळा लागेल का, हे सगळं डोक्यात धरून वर अपूर्णांकांची गणितं. बुधवारी रात्री तर झोपही नाही, कारण दोघंही घरात आणि तो मध्ये. गुरुवारी सकाळी पोट बोलायचं.

माझी चूक

इथे मी चुकले, आणि ती चूक लिहायलाच हवी. मुलाच्या डोक्यावरचं ओझं दिसल्यावर ते तातडीनं उतरवायची घाई झाली. मी त्याला एक वाक्य शिकवलं: "तुम्हीच बोला ना." निरोप सांगायला कुणी बोलावलं की हे म्हणायचं. आम्ही दोघांनी त्याचा सरावही केला.

त्यानं ते बुधवारी घरी म्हटलं. आईनं ओठ मिटले. बाबा उठून गॅलरीत गेले. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस खोलीत निरोपसुद्धा उरले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी बाबा डबा न घेताच पाळीला गेले. सोहमला रात्री दोनदा उलटी झाली. शनिवारी माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "ताई, मी बंद केलं तर ते उपाशी जातात."

कुटुंबाकडे एक रचना म्हणून पाहायला शिकवणारे मनोविकारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांचं काम मी अभ्यासात वाचलं होतं. मरे बोवेन यांचा त्रिकोणही ठाऊक होता: दोघांतला ताण असह्य झाला की ते नकळत तिसऱ्याला मध्ये घेतात, आणि घरात तिसरं बहुधा मूलच असतं. वाचलेलं असूनही मी त्रिकोण मोडायची जबाबदारी त्रिकोणातल्या सगळ्यात लहान माणसावर टाकली. ज्या खांबावर छप्पर टेकलंय तो आधी काढायचा नसतो, दुसरा टेकू लावून मग काढायचा. मी सोहमची माफी मागितली. सध्या तुला जमेल तसं कर, मोठ्यांशी बोलायचं काम माझं, एवढंच सांगितलं. घरी काय सांगू आणि काय नको, हे त्याला विचारलं. त्यानं परवानगी दिली, एका अटीवर: "बाबांना डब्याचं सांगू नका."

आई

त्याची आई दुपारी अडीचला आली, हाताला पिठाचा वास, बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात भांडण नाही हो. पोरासमोर आवाज नको म्हणून मी एक शब्द बोलत नाही."

तिच्या लेखी अबोला हे मुलासाठी केलेलं चांगलं काम होतं. आपल्याकडे असंच मानतात: भांडू नये, गप्प राहावं, मुलांना काय कळतंय. पण मुलांना आवाजापेक्षा चेहरा आधी कळतो. मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मोठ्यांच्या वादाचे प्रसंग दाखवून अनेक प्रयोग केले. न बोलता धरलेला राग पाहूनही मुलं अस्वस्थ होतात, हे त्यांत दिसलं. आणखी महत्त्वाचं हे दिसलं की वाद मिटला असं समजलं, अगदी मिटताना प्रत्यक्ष पाहिलं नाही आणि कुणी नंतर सांगितलं, तरी मुलांचा ताण बराच उतरतो. अबोल्यात नेमकं तेच मिळत नाही. भांडण केव्हातरी संपतं. अबोला संपला की नाही हे मुलाला रोज सकाळी नव्यानं तपासावं लागतं. ग्रिच आणि फिंचम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलं होतं की आई-बापांच्या वादात मूल मनाशी दोन प्रश्न विचारतं: यातून मला किती धोका आहे, आणि यात माझी चूक किती? सोहमच्या मनात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. आपण निरोप नीट दिला नाही तर घर मोडेल.

पुढे जायच्या आधी मी आईला एकटीला स्पष्ट विचारलं: हात उचलतात का, धमकी देतात का, पैसे काढून घेतात का, तुम्हाला त्यांची भीती वाटते का? हे विचारल्याशिवाय नवरा-बायकोला एकत्र बसवायचं नाही, हा माझा नियम आहे. मारहाणीच्या घरात एकत्र बोलणी बाईच्या अंगावर उलटू शकतात. तिथे वाट वेगळी असते. मुंबई पोलिसांसोबत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ साली सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष किंवा मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन अशा वेळी गाठावी लागते. १०९८ची सुरुवातही १९९६ साली याच शहरात झाली. सोहमच्या आईनं सगळ्या प्रश्नांना शांतपणे नाही म्हटलं. पैशाच्या प्रश्नाला मात्र थांबली.

"काढून नाही घेतले. गहाण टाकले."

नवरा एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या प्रेसमध्ये ऑफसेट मशीनवर एकवीस वर्षं होता. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, कार्यअहवाल. लोक पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवू लागले तसं काम आटत गेलं. मालकानं गाळा विकला, मशीन भिवंडीला हलवलं, चौघांना तिकडे नेलं. हे पाचवे होते. नोकरी गेली हे त्यांनी घरी सांगितलंच नाही. तीन महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी वेळेवर परत यायचे. महिन्याला घरखर्च देता यावा म्हणून कपाटातल्या चार पाटल्यांपैकी दोन गहाण ठेवल्या. भावाच्या मुलीच्या लग्नाला निघताना तिनं डबी उघडली.

"सोनं माझ्या आईचं होतं. पण मॅडम, सोन्याचं मी विसरले असते. मी पाचला उठून डबा भरत होते आणि हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तो खात होते. तीन महिने. त्या डब्याची मला लाज वाटते आता."

वडील, आणि त्यांचे वडील

वडिलांना शाळेत यायचं नव्हतं. सकाळी पाळीवरून उतरल्यावर ते शाळेच्या फाटकापर्यंत आले, युनिफॉर्म पिशवीत घालून. पन्नाशीला टेकलेला, अत्यंत सभ्य माणूस. पहिली वीस मिनिटं सोहमच्या गणिताबद्दलच बोलले. मग मी विचारलं, घरी का नाही सांगितलंत?

"माझे वडील घरी बसले होते," ते म्हणाले. "मला माहितेय ते कसं असतं."

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला, आणि गिरणगावातल्या घराघरात पुरुष खाटेवर बसून राहिले. यांच्या वडिलांनी बोलणंच टाकलं. आई, म्हणजे सोहमची आजी, आठ-दहा एकट्या कामगारांची खानावळ चालवायची, तीही संपात निम्मी झाली. चाळीतली पोरं विचारायची, तुझा बाप काय करतो? "मी सांगायचो, गावाला गेलाय. बाप आत बसलेला असायचा." पुढे तो खरंच संगमेश्वरकडे गावी गेला आणि पुन्हा मुंबईत नांदला नाही.

म्हणजे सात वर्षांच्या त्या मुलानंही घर सावरण्यासाठी खोटं बोलून पाहिलं होतं.

पैशाची ओढाताण मुलांपर्यंत कोणत्या वाटेनं पोचते, यावर चांगलं काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा ग्लेन एल्डर यांनी दीर्घकाळ माग घेतला. पुढे रँड काँगर यांनी आयोवातल्या कर्जात बुडालेल्या शेतकरी कुटुंबांचा अभ्यास केला. दोघांच्या कामातून साधारण एकच साखळी दिसते: उत्पन्न घटतं, त्यानं मोठी माणसं खचतात, चिडतात, नवरा-बायकोत वितुष्ट येतं, मुलांकडे लक्ष देण्याची ताकद उरत नाही, आणि मग मूल बिघडतं. पैसा कमी झाला म्हणून मूल आजारी पडलं, असं सरळ क्वचितच असतं. मला या साखळीचा दिलासा वाटतो, कारण ती मधेच तोडता येते. गेलेली नोकरी मी परत आणून देऊ शकत नाही. पण खचलेल्या बापाला डॉक्टरांकडे पाठवू शकते.

ते खचलेले होतेच. झोप लागत नव्हती, भूक नव्हती, वजन उतरलं होतं. जगू नये असं वाटतं का, हे मी सरळ शब्दांत विचारलं. विचारल्यानं तसे विचार मनात भरतात हा समज चुकीचा आहे, बहुतेकांना उलट हायसं वाटतं. ते बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मध्यंतरी वाटायचं. आता सोहमकडे बघून नाही वाटत." १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथेच घालून दिला, आणि त्याच आठवड्यात महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जायला त्यांचा एक जुना प्रेसमधला सोबती तयार झाला. औषधं सुरू झाली. महिन्याभरानं झोप लागायला लागली. या प्रकरणात जे काही सुधारलं त्यातला बराच वाटा त्या झोपेचा आहे असं मला वाटतं.

आजी

आजीला भेटायला मीच चाळीत गेले. सोहम तिच्या गुडघ्याला तेल चोळत होता आणि ती त्याला भुतांच्या गोष्टी सांगत होती. तो हसत होता. मी त्याला तोवर हसताना पाहिलं नव्हतं.

हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारी आई-बाप अशी अनेक संकटं ज्यांच्या वाट्याला आली त्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे धडधाकट, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आणि ते आई-बापच असायला हवं असं नव्हतं. सोहमकडे तेल चोळण्याची ही अर्धा तासाची वेळ होती. तिला हात लावायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

पण आजीही एक काम त्याच्याकडून करून घेत होती. "आई काय म्हणत होती रे ओट्यापाशी?" असं हळूच विचारायची. मी ते तिला सांगितलं. ती रागावली नाही. "त्याच्या आजोबानं दोन वर्षं तोंड उघडलं नाय," ती म्हणाली, "तेव्हा मी पण ह्याच्या बापालाच धाडायची, बघून ये, जेवले का म्हणून. माझ्या ध्यानातच नाय आलं बाय, तेच परत चाललंय." तिनं विचारणं त्या दिवसापासून बंद केलं. उपदेश न करता एका माणसानं आपलं वागणं बदलावं, असं माझ्या कामात फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

डबा

फेब्रुवारीत आई-वडील एकत्र बसायला तयार झाले. बुधवार होता. सोहम बाहेर ग्रंथालयात होता. दोघांनी खुर्च्या किंचित वळवून घेतल्या, एकमेकांकडे पाठ होणार नाही इतपतच.

मी मुलाच्या नकाशावरची जाड रेघ दाखवली. निरोपांची संख्या सांगितली. तो निरोप बदलतो हे मी सांगितलं नाही, तसा शब्द दिला होता. वडील खूप वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग, सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा, बायकोला उद्देशून बोलले.

"तू बोलत नाहीस ते मी समजतो. माझं चुकलंच. पण रोज डब्याची आठवण करतेस, तेवढ्यावर मी पाळीला जातो."

आई म्हणाली, "मी? मी कधी केली आठवण?"

त्या खोलीत मग काय झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. कुणीच काही बोललं नाही. दोघांच्याही लक्षात आलं. आई पदर तोंडाशी धरून रडायला लागली आणि वडील म्हणाले, "तो विसरू नका म्हणायचा. तू म्हटलंय म्हणायचा."

माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती: या दोघांनी घरी जाऊन मुलाला "तू खोटं का सांगितलंस" असं विचारता कामा नये. मी ते स्पष्ट सांगितलं. वडिलांनी मान हलवली. "त्याला काय विचारणार? मी तरी काय केलं होतं?"

ठरवलं ते अगदी साधं होतं. पैशाचं बोलणं बुधवारी रात्री आठ ते साडेआठ, गॅलरीत, सोहम मंडळाच्या अभ्यासिकेत असताना. एरवी काही सांगायचं तर स्वतः सांगायचं, तोंडानं जमलं नाही तर फ्रिजवर चिठ्ठी लावून. आणि सोहमला दोघांनी एकत्र बसून एक गोष्ट सांगायची: आमचं काय बिनसलंय ते तुझ्यामुळे नाही, ते निस्तरायचं काम आमचं आहे, तुझं काम संपलं. तिसरं सगळ्यात कठीण गेलं. आईनं दोनदा टाळलं. शेवटी एका रविवारी, वडील पाळीला निघायच्या आधी, घाईघाईत सांगितलं. सोहमनं ऐकून घेतलं आणि खेळायला गेला. मला सांगताना म्हणाला, "त्यांनी पाठ करून म्हटल्यासारखं म्हटलं. पण दोघांनी म्हटलं."

बाईंनी वर्गात एक केलं, आणि ते त्यांनाच सुचलं. त्याला वर्गाच्या वस्तूंचा हिशेब ठेवायला दिला: खडू, डस्टर, चटया. ज्याचं उत्तर एकच असतं आणि ते कुणासाठी बदलावं लागत नाही, असं काम.

एप्रिलपर्यंत

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सोहम पाच गुरुवार चुकला, त्यांतले चार फेब्रुवारीच्या आधीचे. वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट दुखलं, पण तो शाळेत आला. गणितात ५२ गुण. दोन पाटल्यांपैकी एकही सुटलेली नाही, व्याज भरणं चालू आहे. वडिलांची रात्रपाळीही चालूच आहे. मशीनवरचं काम पुन्हा मिळेल असं त्यांना वाटत नाही आणि मलाही तशी खात्री देता येत नाही. नवरा-बायकोत गोडवा आलाय असं म्हणणं खोटं ठरेल. आईनं मला सांगितलं, "बोलते मी. कामापुरतं. बाकीचं बघू." एवढं पुरे आहे का, असं मला पालक विचारतात. मुलाच्या दृष्टीनं पुष्कळ आहे. आई-बाप प्रेमात असावेत ही मुलाची गरज नसते, आपल्या पाठीवरून त्यांचं ओझं उतरावं ही असते.

शेवटच्या भेटीत मी सोहमला विचारलं, अजून निरोप द्यावे लागतात का?

"कधी कधी," तो म्हणाला. मग त्यानं आदल्या संध्याकाळचं सांगितलं. बाबा बूट घालत होते. तो म्हणाला, "बाबा, आई म्हणते डबा विसरू नका." बाबांनी वर बघून विचारलं, "आई म्हणाली की तू?"

"मी काही बोलायच्या आधी आईच मोरीतून ओरडली, 'मी म्हणाले.'"